आधी माथा बघ, मग राणी

सराफ्यातल्या पोरांनी त्याचा फोटो लावायचं काढलंय. हार, उदबत्ती, पेढे, सगळं. परवा तिघं-चौघं माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"बाबा, पारखी काकांच्या शेजारी तुमचं दुकान व्हतं. त्यांच्यावर दोन शब्द लिहून द्या. फ्रेम करून फोटोखाली लावतो."

"दोन शब्दांत त्यो बसायचा नाय," मी म्हणलं. "आन जे बसंल ते तुमाला फोटोखाली चालायचं नाय."

हसली पोरं. म्हातारा चेष्टा करतोय असं वाटलं त्यांना. जाता जाता एकानं विचारलं, "काकांचा त्यो काळा दगड कुठं गेला वो बाबा? घावला तर काचंच्या पेटीत ठेवू."

मी म्हणलं, "बघू."

दगड कुठं आहे ते मला माहीत आहे. आधी लिहितो, मग सांगतो.

मी फार शिकलेलो नाही. निजामाच्या राज्यात आमच्या फुलंब्रीकडच्या गावात शाळा उर्दूतली. अलिफ-बे गिरवलं, तेवढ्यात बापानं वावरात नेलं. मराठी मी पुढं शहरात, गुलमंडीच्या बाजारात दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. तेव्हा माझं शुद्धलेखन कुणी काढू नये. आणि पोरं त्याला 'ते' म्हणतात, मी 'तो' म्हणणार. वयानं मोठा होता, तोंडावर मीही काकाच म्हणत होतो. पण तो मान त्यानं माझ्यापाशी ठेवला नाही.

पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मी गुलमंडीच्या एका बोळात दोरखंडाचं दुकान टाकलं. कासरे, दावी, नाडे, पोहऱ्याचे दोर. दुकानाच्या अंगाला एक फळी होती. त्या फळीवर तो बसायचा. घराणं जुन्या कारकुनांचं, आज्या-पणज्यांनी दफ्तरात फारसी लिहिलेली. राज्याबरोबर दफ्तर गेलं आणि ह्यानं चांदीची पारख धरली.

धंदा तेव्हा लई जोरात. निजामाचा हाली रुपया बंद व्हायला लागलेला. लोकांनी भिंतीत चिणलेलं, चुलीखाली पुरलेलं, उतरंडीच्या तळाला दडवलेलं सगळं बाहेर काढलं. चारमिनारचे रुपये, इंग्रजांचे राणीछाप, राजाछाप, फारसी अक्षरांचे ओबडधोबड जुने शिक्के. त्यात खरे कुठले आणि साच्यात ओतलेले कुठले, हे कुणाला कळत नव्हतं. ह्याला कळायचं. कळायचं हे मी नाकारत नाही.

त्याच्यापाशी तळहाताएवढा काळा गुळगुळीत दगड होता, आजानं दिलेला. गिऱ्हाईकानं रुपया ठेवला की हा डाव्या कानात बोट घालायचा, उजवा कान दगडावर वाकवायचा आणि चिमटीतून रुपया सोडायचा. तेवढ्यापुरता सगळा बोळ गप पाहिजे. टांगेवाला आला की हा ओरडायचा, "मियाँ, घोडा रोको! रानी बोल रई!" टांगेवाला थांबायचा, शिव्या द्यायचा, पण थांबायचा. चांदीचा नाद लांबत जातो, तारेवरून हात फिरवल्यावानी. ओतीव रुपया बद्द वाजतो, लाकडावर लाकूड पडल्यावानी. हा एवढाच फरक, पण त्याच्या मधल्या शंभर पायऱ्या त्याला ऐकू यायच्या म्हणे.

मग त्याला वाजवायचं वेडच लागलं. माठ, नारळ, टरबूज तर सगळेच वाजवून घेतात. हा चहाचा कप नखानं वाजवून बघायचा. हॉटेलवाला म्हणायचा, "काका, चहा प्यायचा हाये, कप इकत घ्यायचा नाय." माणसंही वाजवायचा. मी सकाळी दुकान उघडताना काही बोललो की म्हणायचा, "आज बद्द वाजतोस रे. घरी भांडून आलास?" आणि मी खरंच भांडून आलेला असायचो.

दुसरं वेड म्हणजे धुतलेल्या चांदीचा राग. दिवाळी झाली की बाया रुपये घेऊन यायच्या. लक्ष्मीपूजनाला घरातला चांदीचा रुपया चिंच आणि राखेनं घासून लख्ख करायची घरोघर रीत. बिचाऱ्यांना वाटायचं, चकचकीत केला म्हणजे भाव वाढंल. हा नुसता लांबून बघायचा आणि फडक्यानं तोंड पुसायचा.

"वयनी, रुपयाचं तोंड धुतलं का कातडं सोललं?"

"असं काय बोलता काका, देवापुढं ठेवला व्हता."

"देवापुढं ठेवला ते ठीक. त्याला चिंच कशाला पाजली? ही राणी बघा. केस गेले, कान गेला, नाकाचा शेंडा गेला. काळी पडली असती तर म्हणलो असतो, उन्हातान्हात राबलेली बाई हाये, मान द्या. आता काय? आंघोळ घातलेलं मढं." आणि रुपया बोटाच्या नखानं ढकलून परत द्यायचा. चकचकीत रुपयाकडं तो नीट बघायचाही नाही. दगडावर टाकायचा, ऐकायचा, चांदीचा भाव सांगायचा, संपलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

एकदा एक म्हातारी अम्मा आली, बुरख्यातली. हाताला अजून मेंदीचा रंग, घराणं मोठं असणार. बुरख्याआडून मखमलीचा बटवा काढला. नवऱ्याला दरबारातून मिळालेले रुपये, म्हणाली. ह्यानं एकेक वाजवला. सगळे बद्द. मी दोर वळता वळता थांबलो. वाटलं, आता हा काहीतरी सावरून सांगंल. हा म्हणाला, "अम्मा, ये चांदी नहीं, चांदी का ख्वाब है." अम्मा फळीचा काठ धरून खाली बसली. मी पाणी दिलं. ह्यानं पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारली.

लोकांनी ही गोष्ट गावभर केली. पारखी असावा तर असा, कुणाच्या बापाला भीत नाही, कुणाच्या आसवाला भुलत नाही. सचोटी म्हणतात ह्याला. मीही म्हणायचो तेव्हा.

माझी धाकटी बहीण लग्नाला आली होती. बाप वारलेला, आई आणि ती माझ्याजवळ शहरात राहायला आलेल्या. अजिंठ्याकडून स्थळ आलं. शेती, कापसाची थोडी अडत, आणि पोरगा मोटारीचं इंजिन दुरुस्त करायला शिकलेला. बघायला आला तेव्हा माझी बहीण दाराआडून बघून आत पळाली आणि आईला विचारते, "आई, त्याच्या हाताला तेलाचा वास येत असंल का गं?" आई म्हणाली, "यिना का. शेणापरीस बरा." दोघी मग हसत बसल्या. बापामागं त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

आमच्यात सुपारी फोडताना मुलीकडचे नारळावर चांदीचा एक रुपया ठेवून मुलाच्या बापाच्या हातात देतात. बोलीचा रुपया म्हणायचे त्याला. तो एकदा दिला की शब्द दिला. नवे हलके रुपये तेव्हा बाजारात आले होते, कुणी कुणी तेच ठेवून मोकळं व्हायचे. आईनं मात्र ट्रंकेतून राणीछाप काढून ठेवला. माझी छाती फुगली. आणि मीच त्याला, ह्या पारख्याला, सुपारीला बोलावलं. शेजारी, वयानं मोठा, चार लोकांत मानाचा. बापाच्या जागी बसवलं म्हणा ना.

अंगणात सतरंज्या टाकल्या. पानं वाटली. मी नारळ पुढं केला. वर रुपया, आईनं चिंच लावून घासलेला, उन्हात नुसता झळकत होता. मुलाचा बाप मोकळा माणूस, चेष्टेखोर. हसत म्हणाला, "पारखी बसलेतच की पंगतीला! वाजवा की काका, आमचीबी सून खणखणीत हाये म्हणून कळू द्या!"

सगळे हसले. मीही हसलो. ह्यानं बंडीच्या खिशातून दगड काढला. सुपारीलाही घेऊन आला होता. कानात बोट घातलं. अंगण गप झालं. रुपया पडला.

बद्द.

कुणीतरी खाकरलं. ह्यानं परत सोडला. परत तसाच. मग तो मान वर करून म्हणाला, "खोटा."

एवढंच. ना पुढं, ना मागं. उचलून बघितला नाही, भिंग लावलं नाही. चकचकीत रुपयाकडं तो बघायचाच नाही.

आई दारातून म्हणाली, "अवो, सासूबाईचा हाये त्यो. घरातलाच." तिचा आवाज कापत होता, आणि कापणारा आवाज खोटाच वाटतो. मुलाच्या बापानं नारळावरचा हात काढून घेतला. भला माणूस होता, ओरडला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, रुपयाचं काय हो, रुपया दुसरा मिळंल. पण बोलीचाच रुपया बद्द वाजला. त्याच्यावर मी लेकराचा संसार कसा मांडू?" टोप्या डोक्यावर गेल्या, जोडे पायात गेले. पोरगा जाताना एकदा दाराकडं वळून बघून गेला.

आणि हा? ह्यानं दगड रुमालात गुंडाळला आणि पोह्यांची बशी पुढं ओढली. म्हणाला, "गार झाले."

पाहुणे गेल्यावर आई चुलीपाशी बसून राहिली. मग हळूच बोलली. तो रुपया आजीच्या गळ्यातल्या माळेतला होता. माळ बाप आजारी असताना मोडली, एकच रुपया राहिला. त्याला वर कडी होती. आईनं फुलंब्रीच्या सोनाराकडून ती काढून घेतली, जागा कानशीनं घासून घेतली. दागिना मोडून बोली केली असं पाहुण्यांत कळलं तर घराची अब्रू जाईल, म्हणून अंगणात तिनं ते सांगितलं नाही.

मी सोनारांच्या शेजारी राहून एवढं ऐकून होतो, की कडी डाखताना, म्हणजे झाळून जोडताना, आग लागते आणि डाख आत बसतो. मग खऱ्या चांदीचाही आवाज मरतो.

सकाळी फळी झाडायच्या आत मी त्याच्यापुढं रुपया ठेवला. म्हणलं, "ह्याला कडी व्हती. आता बघा."

त्यानं भिंग काढलं. पहिल्यांदा त्यानं तो रुपया बघितला. राणीच्या माथ्यावर, काठाला, जिथं सगळीकडून बारीक कंगोरे असतात, तिथं नखाएवढी जागा सपाट. त्यानं अंगठ्यानं ती जागा चाचपली. तराजूत टाकला. काट्यावरून नजर काढेना.

"खरा हाये," तो म्हणाला. मला ऐकू येईल एवढंच.

"मग उठा. मोटारीनं अजिंठ्याला जाऊ. त्यांच्या अंगणात हेच बोला."

तो उठला नाही. रुपया माझ्याकडं सरकवत म्हणाला, "पारखी एकदा बोलला ते बोलला. आज फिरवला शब्द, तर उद्या ह्या फळीपुढं कोण उभा राहतो? धंदा कानावर हाये माझा."

"आन माझ्या बहिणीचं?"

"तुझ्या बहिणीला दुसरं स्थळ मिळंल. मला दुसरा कान मिळायचा नाय."

हे त्याचे शब्द. पोरांनो, त्याची लई वाक्यं तुम्हाला पाठ आहेत. हे कुणी सांगितलं नसंल.

मी एकटा गेलो अजिंठ्याला. मुलाच्या बापानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "तुमच्यावर इश्वास हाये, पण तुम्ही भाऊ हायेत. पारख्यानं येऊन सांगितलं तर बघू." पारखी काही आला नाही. त्यांनी दुसरीकडं सोयरीक केली.

नळावर, बाजारात आमचं नाव पडलं, खोट्या रुपयाचं घर. दोन स्थळं दारापर्यंत येऊन फिरली. शेवटी फुलंब्रीच्या पलीकडं एका बिजवराला दिली तिला. वयानं बराच मोठा, दम्यानं बेजार. मांडवात अंतरपाट धरायच्या आधी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दादा, ह्यांना वाजवून बघितलंस का रे?" आणि हसली. ते हसू मी विसरलो नाही, विसरणारही नाही. थोड्या वर्षांत कुंकू गेलं. सवतीची लेकरं वाढवली तिनं, स्वतःचं मूल नाही.

आता तुम्हाला सांगतो, तुमच्या काकांची थोरवी कुठून आली ती.

त्या सकाळपासून त्यानं रुपया वाजवणं सोडलं. दगड खिशात असायचा, बाहेर निघायचा नाही. टांगे बोळातून बिनदिक्कत जायला लागले. रुपया आला की हा बोलायचा नाही, ऐकायचा नाही, पहिलं उभा धरून राणीच्या माथ्यावरचा काठ बघायचा. मग तिचं नाक, कान, केस, झीज. मग तराजू. आणि चकचकीत रुपयासुद्धा हातात घेऊन उन्हाला धरायचा, बायांवर ओरडायचा नाही. लोक म्हणायला लागले, बघा, काका एवढे पोचले की त्यांना वाजवायची गरज राहिली नाही. चांदी म्हणे त्यांच्या अंगठ्याशी बोलते! सराफ्यात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हा एकच धडा द्यायचा, "आधी माथा बघ, मग राणी." त्या वाक्यावर तुम्ही धंदा करता. कडीचा रुपया ओळखून भाव पाडता, नुकसान टाळता. ते वाक्य माझ्या बहिणीच्या संसारातून काढलेलं आहे. तिला त्यातलं काही मिळालं नाही.

मी त्याच्याशी बोललो नाही. मधल्या खुंट्यांना चऱ्हाटाची भेंडोळी टांगली, म्हणजे तोंड दिसायला नको. पलीकडून तो खोकायचा, मी दोर वळायचो. कधी कधी तो उगाच मोठ्यानं म्हणायचा, "आज ऊन लई हाये." कुणाला म्हणायचा ते मला कळायचं. मी उत्तर दिलं नाही. लोक म्हणायचे, "सोडून द्या बाबा, म्हातारा झाला त्यो." म्हातारा झाला म्हणजे काय रुपया खोटा होतो?

बहीण भाऊबीजेला माझ्याकडं यायची. तो रुपया देव्हाऱ्यात असायचा. घासायचा नाही अशी माझी सक्त ताकीद. काळा कुळकुळीत पडला होता. ओवाळताना मी तोच तिच्या ताटात टाकायचो आणि जाताना ती तोच देव्हाऱ्यात ठेवून जायची. "माझ्या घरी चोर येत्यात," म्हणायची. तिच्या घरी चोरायला काय होतं!

अशाच एका भाऊबीजेला, दुपारी, तो आमच्या दारात आला. हातात काठी, डोळ्याला जाड भिंगं. मला ओलांडून त्यानं आतल्या अंगाला हाक मारली, "बाई हाये का?"

बहीण पदरानं हात पुसत आली. ओळखलं तिनं. "या," म्हणाली. बसा म्हणाली नाही.

त्यानं रुपया मागितला. तिनं ताटातला उचलून दिला. त्यानं खिशातून दगड काढला, उंबऱ्यावर ठेवला, कानात बोट घातलं. एवढ्या वर्षांनी. रुपया पडला, तसाच वाजला.

"बाई," तो खाली बघून म्हणाला, "ह्यो खरा हाये."

"काय म्हणता?"

"खरा हाये म्हणतो."

"मोठ्यानं बोला काका. मला कमी ऐकू येतं."

तिला काही कमी ऐकू येत नव्हतं. मांजराची पावलं ऐकते ती. दार उघडं होतं, बाहेर रस्ता, समोरच्या ओट्यावर सणाची चार माणसं बसलेली. त्यातली दोन सराफ्यातली. त्यानं त्यांच्याकडं बघितलं. तोंड उघडलं. मी म्हणलं, आता बोलंल, आता. तो परत म्हणाला, "खरा हाये," पण होता तेवढ्याच आवाजात. पहिल्या दिवशी मला बोलला होता तेवढ्याच.

बहिणीनं मान हलवली. म्हणाली, "बरं. मग त्यो दगड ठेवून जा."

"दगड?"

"तुमाला तर लागत नाय म्हणे आता. आमच्या पाट्याचा वरवंटा फुटलाय. मिरची वाटायला बरा हाये."

त्यानं दगडावर हात ठेवला. आजाचा दगड. मग हात काढला आणि काठी टेकत गेला. समोरच्या ओट्यावरची माणसं त्याला बघून उठून उभी राहिली.

त्यानंतर तो थोडेच दिवस जगला. मयताला मी गेलो नाही. दुकान बंद ठेवलं नाही.

तर पोरांनो, दगड फुलंब्रीच्या पलीकडं माझ्या बहिणीच्या घरी आहे, चुलीच्या डाव्या बाजूला. तिखटानं लाल झालाय, लसणाचा वास येतो. ठेचा उत्तम होतो त्यानं, मी खाऊन आलोय. तुम्ही दोन शब्द मागितले होते, मी एवढं लिहिलं. त्यातले दोनच फोटोखाली लावा: 'रुपया खरा'. चार माणसांना वाचता येईल असे, मोठ्या अक्षरात. ते लावलं तर दगड तुमचा.

बहिणीला विचारून ठेवलंय. ती म्हणाली, "न्यायचा तर नेऊ दे. पण धुवून देणार नाय मी. काकांना धुतलेलं आवडायचं नाय."